सेकंड हँड बेस घेताना नेक आधी बघा

वापरलेल्या बेस गिटारच्या किमतीतला मोठा वाटा हेडस्टॉकवरच्या नावाचा आणि रंगाच्या चकाकीचा असतो. नेक सरळ आहे का, नेकच्या आतला, त्याचा बाक सांभाळणारा ट्रस रॉड फिरतो का, फ्रेट एका पातळीत आहेत का, या गोष्टींना बाजारात फारसा भाव नसतो, कारण जाहिरातीच्या फोटोत त्या दिसत नाहीत. वाजवणाऱ्याचा रोजचा संबंध मात्र त्यांच्याशीच येतो. ज्याला हे तपासता येतं, त्याला कमी पैशांत फार चांगलं वाद्य मिळू शकतं. कॉलेजच्या बँडपासून ऑर्केस्ट्रापर्यंत आणि चर्चच्या वाद्यवृंदापासून गोव्यातल्या तियात्राच्या साथीपर्यंत आपल्याकडे बेस वाजवणारे बरेच आहेत. त्यातल्या प्रत्येकाच्या खिशाला कोरं करकरीत वाद्य परवडतंच असं नाही.

या लेखातलं एक सूत्र सुरुवातीलाच सांगतो. वाद्य हातात घेतल्यावर दिसणारा प्रत्येक दोष दोन खात्यांपैकी एकात टाकायचा: थोडक्या खर्चात सुटणारा, किंवा वाद्याच्या किमतीत न सुटणारा. गंजलेल्या तारा, खरखरणारा व्हॉल्यूम, ढिली चावी, सैल जॅक, उंच तारा हे सगळं पहिल्या खात्यातलं, आणि भाव कमी करून घ्यायला उपयोगी. पिळलेला नेक, मोडलेला ट्रस रॉड, नेक बसतो तिथे लाकडाला गेलेली चीर हे दुसऱ्या खात्यातलं. त्यातलं काहीही दिसलं तर नाव कितीही मोठं असो, नमस्कार करून निघायचं.

पैसे आधी वाटून घ्या

बहुतेक जण सगळे पैसे गिटारवर घालतात आणि मग ती मित्राच्या छोट्या गिटार अ‍ॅम्पमधून वाजवतात. बेसची सगळ्यात खालची मोकळी तार सुमारे ४१ हर्ट्झवर वाजते. गिटारच्या अ‍ॅम्पचा स्पीकर त्यासाठी बनवलेला नसतो. हळू आवाजात निभावतं, पण जोरात वाजवलं की त्याची कॉइल किंवा कोन जातो. म्हणून हातात असलेल्या रकमेचे आधीच तीन भाग करा: गिटार, अ‍ॅम्प, आणि बाजूला राखून ठेवायचा एक लहान भाग. हा तिसरा भाग नव्या तारा, सेट-अप आणि एका बऱ्या केबलसाठी. बेसच्या तारा साध्या गिटारच्या तारांपेक्षा बऱ्याच महाग असतात, हे पहिल्यांदा घेणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

अजून बँड नसेल, घरीच शिकायचं असेल, तर माझा स्पष्ट सल्ला असा की अ‍ॅम्प आत्ता घेऊच नका. छोटा हेडफोन अ‍ॅम्प किंवा कॉम्प्युटरला जोडायचा ऑडिओ इंटरफेस पुरतो. वाचलेले पैसे गिटारमध्ये घाला आणि तालमी सुरू झाल्या की अ‍ॅम्प बघा.

कोणत्या नावाला किती मान

वापरलेल्या बेसच्या बाजारात फिरताना दोन आकृती पुन्हा पुन्हा दिसतील. लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये आणलेली प्रिसिजन आणि १९६० मध्ये आलेली जॅझ. स्वस्त बेस बहुतेक यांच्याच वंशातल्या असतात. प्रिसिजनचा नेक थोडा रुंद, पिकअप एकच पण दोन तुकड्यांत विभागलेला, आवाज भरीव आणि मधला. जेम्स जेमरसन यांनी मोटाऊनच्या असंख्य गाण्यांत वाजवलेली बेस १९६२ ची प्रिसिजन होती. जॅझचा नेक नटापाशी, म्हणजे हेडस्टॉककडच्या टोकाला, अरुंद, साधारण ३८ मिलिमीटर. पिकअप दोन, आणि दोघांचं प्रमाण बदलून आवाज पालटता येतो. जाको पास्टोरियस यांची फ्रेट काढलेली बेस १९६२ ची जॅझ. हात लहान असेल तर जॅझसारखा नेक किंवा ३० इंची शॉर्ट स्केल बघा. नेहमीचं स्केल ३४ इंच असतं.

फेंडरचा स्वस्त भाऊ म्हणजे स्क्वायर. या एका नावाखाली इतक्या वेगवेगळ्या दर्जाचा माल निघाला आहे की नुसतं स्क्वायर म्हटल्याने काहीच कळत नाही. १९८२ ते १९८४ या काळात जपानमध्ये बनलेल्या, जेव्ही अक्षरांनी सुरू होणाऱ्या क्रमांकाच्या स्क्वायर आज संग्राहकांच्या हाती आहेत. त्यांना परवडणाऱ्या म्हणणं आता कठीण आहे. अफिनिटी ही शिकाऊंसाठीची स्वस्त मालिका, आणि तिच्यात एक वाद्य उत्तम तर दुसरं सामान्य निघतं. म्हणून ती न वाजवता कधीही घेऊ नये. २००८ पासून आलेल्या क्लासिक व्हाइब मालिकेचं नाव मात्र कष्टाने कमावलेलं आहे. माझ्या मते वापरलेल्या स्वस्त बेसमध्ये पैशांचं पूर्ण मोल देणारी हीच. क्रमांकातून माहितीही मिळते: आयसीएस ही अक्षरं असली तर ती इंडोनेशियात कॉर्टच्या कारखान्यात बनलेली स्क्वायर, आणि त्यापुढचे दोन आकडे वर्षाचे.

वय ओळखायचा आणखी एक धागा फिंगरबोर्डच्या लाकडात सापडतो. २ जानेवारी २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या करारात शिसवाच्या जवळजवळ सगळ्या जातींवर निर्बंध आले आणि अनेक कंपन्या शिसव सोडून पाव फेरो, लॉरेल अशा लाकडांकडे वळल्या. तयार वाद्यांना २०१९ च्या शेवटी सूट मिळाली, पण स्वस्त मालिकांमध्ये लॉरेल तसाच राहिला. त्यामुळे २०१० ची म्हणून कुणी स्क्वायर दाखवली आणि तिच्यावर फिकट तपकिरी लॉरेल असला, तर नेक बदललाय का हे विचारायला हवं. लॉरेल असल्याने आवाज वाईट होतो, हा समज मात्र सोडून द्या.

यामाहाला बाजारात फेंडरसारखा रुबाब नाही, आणि घेणाऱ्याच्या दृष्टीने ही मोठीच सोय आहे. टीआरबीएक्स १७४ सारखी साधी पॅसिव्ह बेस असो की टीआरबीएक्स ३०४ सारखी बॅटरीवर चालणारी अ‍ॅक्टिव्ह, दहा नग उचलले तरी दर्जात फार फरक पडत नाही. न वाजवता, दुसऱ्या शहरातून बेस मागवायचीच वेळ आली तर मी यामाहाच सुचवेन. आयबानेझची एसआर मालिका १९८७ ची, पातळ नेक आणि हलकं अंग यासाठी लोकप्रिय. तिची स्वस्त बहीण जीएसआर आपल्याकडे भरपूर फिरते. बोटं झपाझप चालतात, पण आवाज जरा सपाट वाटू शकतो. कॉर्टबद्दल थोडक्यात इतकंच की दुसऱ्यांच्या नावाने वाद्यं बनवणारी ही कोरियन कंपनी स्वतःच्या नावाने विकते तेव्हा किंमत कमी लावते. त्याचा फायदा घ्यावा.

परदेशात असलेल्यांनी पीव्हीची टी-४० बघावी. मिसिसिपीतल्या मेरिडियन गावात १९७८ ते १९८७ दरम्यान बनलेली ही बेस. नेक आणि बॉडी कोरायला संगणकावर चालणारी यंत्रं वापरल्यामुळे दर्जा एकसारखा राहिला. वजन साडेचार किलोंच्या पुढे, दिसायला ओबडधोबड, म्हणून अनेक वर्षं ती मातीमोल भावाने विकली गेली. आता तिचा भाव चढलाय, पण त्याच काळातल्या अमेरिकन फेंडरच्या मानाने अजूनही खालीच आहे.

बघायला जाताना

स्वतःची चांगली केबल, ट्यूनर, अ‍ॅलन चाव्यांचा छोटा जुडगा, नऊ व्होल्टची बॅटरी, साधा मल्टिमीटर आणि एक व्हिजिटिंग कार्ड बरोबर घ्या. दिवसाउजेडी जा. संध्याकाळच्या पिवळ्या दिव्याखाली लाकडातली चीर दिसत नाही.

गिटार हातात आली की आधी सुरात लावा. ढिल्या तारांवर नेकची परीक्षा होत नाही, कारण चार तारा मिळून सत्तर-ऐंशी किलोंच्या घरात ताण देतात आणि नेकला तो पेलूनच सरळ राहायचं असतं. मग बॉडीच्या टोकाकडून, एक डोळा मिटून, नेकच्या लांबीवर नजर टाका. नटाची रेषा आणि शेवटच्या फ्रेटची रेषा एकमेकींना समांतर दिसली पाहिजेत. एक बाजू वर आणि दुसरी खाली दिसली तर नेक पिळला आहे. पीळ ट्रस रॉडने निघत नाही.

पीळ नसेल तर बाक मोजा. जाड तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार व फ्रेट यांतलं अंतर बघा. नेहमीचं व्हिजिटिंग कार्ड साधारण ०.३ मिलिमीटर जाड असतं. ते अलगद सरकलं तर नेक उत्तम. बरीच मोठी फट असेल तर मालकाची परवानगी घेऊन ट्रस रॉड पाव फेरा आवळून बघा. रॉड सहज फिरला आणि फट कमी झाली, तर हा दोष पहिल्या खात्यातला. रॉड आधीच गच्च आवळलेला असून नेक वाकलेलाच असेल, किंवा अ‍ॅलन चावी नुसतीच गरगर फिरत असेल, तर तिथे थांबा. मालक रॉडला हात लावू देत नसेल तर त्याच्या शंकेत वावगं काही नाही, पण त्याने तरी तो तुमच्यासमोर फिरवून दाखवावा.

हे सगळं करताना ऋतू लक्षात ठेवावा लागतो. मुंबईत, कोकणात, गोव्यात पावसाळ्यात लाकूड ओल धरतं आणि नेकचा बाक बदलतो, तेव्हा जुलैत मोजलेला बाक जानेवारीत तसाच असेल असं नाही. उलट नागपूरच्या किंवा संभाजीनगरच्या कोरड्या उन्हाळ्यात फिंगरबोर्ड आकसतो आणि फ्रेटची टोकं कडेला बाहेर येऊन हाताला बोचतात. बोचरी टोकं कुठलाही बरा कारागीर कानशीने घासून देतो. त्यावर भाव जरूर पाडा, पण त्यासाठी वाद्य सोडू नका.

फ्रेटवर तारेने पाडलेल्या खाचा उथळ असतील तर घासून समतल करता येतात. खोल असतील तर सगळे फ्रेट बदलावे लागतात, आणि स्वस्त बेसवर तो खर्च करणं शहाणपणाचं नाही. प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर एकदा तरी वाजवा. याला दहा मिनिटं लागतात. ती लागू द्या. सगळ्यात बारीक तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एखादा स्वर लवकर विझतो. फेंडर घराण्याच्या बेसमध्ये हे नेहमी आढळतं, चांगल्या महाग वाद्यांतही. थोडं असेल तर चालवून घ्या. बाराव्या फ्रेटवर तारेची उंची जाड तारेखाली अडीच आणि बारीक तारेखाली दोन मिलिमीटरच्या जवळ आणता येत असेल तर पुरे. त्यासाठी ब्रिजच्या सॅडलचे स्क्रू गंजून बसलेले नाहीत ना, हे आत्ताच फिरवून बघा. समुद्राकाठच्या घरातल्या गिटारमध्ये हेच स्क्रू आधी जातात.

आता वीज. केबल गिटारला लावा, व्हॉल्यूम आणि टोन पूर्ण उघडा आणि केबलच्या दुसऱ्या टोकाच्या पिनेच्या अग्रावर व दांड्यावर मल्टिमीटर लावा. पॅसिव्ह प्रिसिजन प्रकारात दहा किलोओहमच्या जवळपास, जॅझ प्रकारात दोन्ही व्हॉल्यूम उघडे असताना साडेतीन-चार किलोओहम दिसायला हवेत. आकडा शेकड्यांत गेला तर पिकअपची तार तुटली असण्याची किंवा जोड निसटल्याची शक्यता आहे. अ‍ॅक्टिव्ह बेसला ही चाचणी लागू होत नाही. तिथे नवी बॅटरी घालून ऐका आणि बॅटरीच्या खणात पांढरट-हिरवट थर साचलाय का ते बघा. केबल लावून ठेवली की अशी बेस बॅटरी खात राहते, त्यामुळे गळलेल्या बॅटऱ्या ही इथली जुनी तक्रार. खरखर करणारी नॉब कॉन्टॅक्ट क्लीनरच्या एका फवाऱ्याने बहुधा शांत होते.

तारा मेलेल्या असतील तर वाद्याचा आवाज घोगरा येणारच. त्यावरून बेसला नावं ठेवू नका, आणि बाराव्या फ्रेटचा सूर मोकळ्या तारेशी जुळत नाही म्हणूनही ती सोडू नका.

फेंडरचं नाव लावलेली स्क्वायर विकली जाते, हेही माहीत असू द्या. हेडस्टॉकवरचा स्टिकर कुठेही मिळतो. क्रमांक, चाव्यांचा प्रकार, ब्रिज, शक्य असेल तर नेकच्या बुडावरचा शिक्का हे सगळं एकमेकांशी जुळतं का ते बघा. मूळ बिल मागा. बिल नसेल तर त्या माणसाचा त्याच गिटारसोबतचा जुना फोटो तरी मागा. प्रामाणिक विकणाऱ्याला या प्रश्नाचा राग येत नाही.

अ‍ॅम्पचं गणित वेगळं

अ‍ॅम्पच्या बाबतीत बाजाराचा कल हलक्या वस्तूंकडे आहे. क्लास डी तंत्राचे नवे हेड, म्हणजे स्पीकर वेगळा लागणारे अ‍ॅम्प, काखेत मावतात आणि शेकडो वॉट देतात. ते बिघडले की बऱ्याचदा अख्खा बोर्ड बदलावा लागतो, आणि जुन्या मॉडेलचा बोर्ड मिळेलच असं नाही. याउलट पीव्हीचे टीएनटी कॉम्बो, हार्टकेचे जुने ट्रान्झिस्टर हेड किंवा गॅलियन-क्रुगरचा ८००आरबी, हे जुन्या वळणाचे ट्रान्सफॉर्मरवाले अ‍ॅम्प जड असतात म्हणून स्वस्त जातात. त्यांतले ट्रान्झिस्टर आणि कपॅसिटर किंवा त्यांना चालणारे पर्याय मात्र मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला नाहीतर पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळतात, आणि जुन्या वळणाचा मेकॅनिक ते बदलून देतो. गाडी असेल, तालमीची जागा एकच असेल, तर जड अ‍ॅम्प घ्या. लोकलने किंवा एसटीने फिरायचं असेल तर फेंडर रंबलसारखा हलका कॉम्बो. रंबल १०० चं वजन दहा किलोंच्या आसपास आहे.

किती वॉट लागतात? घरी १५ ते ४०. ड्रमरबरोबर वाजवायचं तर १०० च्या खाली जाऊ नये, आणि २०० असले तर आवाज न फाटता मोकळा राहतो. वॉट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, म्हणून १०० आणि १२० यांच्यात निवड करताना वॉट विसरा आणि स्पीकर ऐका.

स्पीकरची परीक्षा अशी. कोनवर दोन्ही हातांची बोटं सारख्या अंतरावर ठेवून तो अलगद आत दाबा. घासल्याचा आवाज आला तर कॉइल घासते आहे. कडेचा फोम दमट हवेत चुरतो, तोही बोटाने तपासा. आठ ओहमचा स्पीकर मल्टिमीटरवर साडेपाच ते सात दाखवतो, ते बरोबरच आहे. कोन बदलून देणारे कारागीर मोठ्या शहरांत आहेत, पण तो खर्च विचारून मगच भाव बोला. मग अ‍ॅम्प चालू करून काही न जोडता घरघर ऐका, आणि नंतर निदान वीस मिनिटं बऱ्या आवाजात वाजवा. कित्येक बिघाड अ‍ॅम्प तापल्यावरच बाहेर येतात. आवाज मधेच क्षीण होत असेल तर घाबरू नका: मागे इफेक्ट लूपचे सेंड आणि रिटर्न असतील तर त्यांना एका छोट्या केबलने जोडा. आवाज परत आला तर दोष रिटर्न जॅकच्या काळवंडलेल्या संपर्कात आहे, आणि तो साफ करायला फार पैसे पडत नाहीत.

हेड आणि कॅबिनेट वेगळं घेताना ओहम जुळवा. आठ ओहमचे दोन कॅबिनेट एकत्र लावले की चार होतात, आणि बहुतेक ट्रान्झिस्टर हेड चारच्या खाली चालवायचे नसतात. व्हॉल्व्हचा हेड कॅबिनेट न जोडता कधीही चालू करू नका. दोघांना जोडायला स्पीकर केबलच वापरा, गिटारची केबल तो प्रवाह सोसत नाही.

अमेरिकेतून नातेवाइकांनी आणलेला अ‍ॅम्प १२० व्होल्टचा आणि जपानमधून आलेला १०० व्होल्टचा असतो. आपले २३० व्होल्ट त्यात थेट गेले तर तो जळतो. मागच्या बाजूचा छापील आकडा वाचा. व्होल्टेज बदलायची सोय नसेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल, आणि तो अ‍ॅम्पच्या गरजेच्या निदान दुप्पट क्षमतेचा घ्या. त्याची किंमत अ‍ॅम्पच्या भावातून वजा करा. गिटारला ही अडचण नाही, ती कुठूनही आणा.

घरघर कमी व्हावी म्हणून काही जण प्लगची अर्थिंगची पिन कापून टाकतात. तसा अ‍ॅम्प घेतला तर पहिल्याच दिवशी प्लग बदलून घ्या. गणपतीच्या मांडवात, जनरेटरवर, ओल्या जमिनीवर उभं राहून बोटं तारांवर आणि ओठ माइकला, अशा वेळी ती पिन जीव वाचवते.

भाव आणि त्यानंतर

भाव ठरवताना आजच्या नव्या मॉडेलची दुकानातली खरी किंमत आधी काढा. छापील किंमत धरू नका. नीट अवस्थेतल्या वापरलेल्या बेसला मी त्याच्या अर्ध्यापासून दोन-तृतीयांशपर्यंत देतो. अ‍ॅम्पला अर्ध्याहून कमी, कारण त्याच्या पोटात काय झालंय ते पूर्ण दिसत नाही. पिकअप बदलले, ब्रिज नवा टाकला असं सांगून कुणी जास्त मागत असेल तर मूळ सुटे भाग सोबत मिळणार का ते विचारा. बदललेल्या भागांचे पैसे सेकंड हँड बाजारात वसूल होत नाहीत. दोष मोजून दाखवताना आवाज शांत ठेवा आणि वाद्याला वाईट म्हणू नका. समोरच्याने कदाचित त्यावरच हात बसवला असेल.

घरी आणल्यावर एक-दोन दिवस तशीच राहू द्या, म्हणजे लाकूड तुमच्या घरातल्या हवेला सरावेल. मग नव्या तारा घाला. नेहमीचा संच ४५ ते १०५ जाडीचा. जेमरसनसारखा गोल, जुना आवाज हवा असेल तर फ्लॅटवाउंड, आणि त्या वर्षानुवर्षं बदलाव्या लागत नाहीत. तारा एकदम सगळ्या काढू नका, एकेक बदला. त्यानंतर क्रम असा: आधी नेकचा बाक, मग तारांची उंची, शेवटी सॅडल पुढेमागे करून सूर. हा क्रम उलटा केला तर सगळं पुन्हा करावं लागतं. पावसाळ्यात केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि गिटार बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका.

काढलेले मूळ भाग, बिल आणि क्रमांकाचा फोटो एका पाकिटात घालून केसच्या कप्प्यात ठेवा. पुढे कधी विकायला काढलीत तर घेणारा पहिल्यांदा तेच मागेल.